विसर्जनावाचून पूजा

तापीकाठच्या आमच्या गावात डिझेलचे पहिले इंजिन आले, तेव्हा मी पाठशाळेतील संस्कृत अध्ययन संपवून नुकताच परतलो होतो. विष्णुमंदिराची नित्यपूजा वडिलांनी माझ्याकडे सोपवली होती. इंजिन शेजारच्या गुजर शेतकऱ्याचे होते. ते विहिरीवर बसले आणि पूजेचे बोलावणे मला आले.

यंत्राची पूजा मला कोणी शिकवली नव्हती. विचारपूर्वक वरुणाचे आवाहन केले, लोखंडावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले, नारळ वाढवला. हँडल फिरवताच इंजिन धडधडू लागले आणि पाटात पाणी उसळले. शेवटी विसर्जनासाठी अक्षता घेतल्या, तोच शेतकऱ्याने माझा हात धरला.

"महाराज, विसर्जन नका करू. देव इंजिनमाच ऱ्हाऊ द्या."

ज्याला बोलावले त्याला सन्मानाने निरोप द्यावा, तेव्हा पूजा पूर्ण होते, हे मी जाणत होतो. परंतु मंडळी माझ्याकडे कौतुकाने पाहत होती. मी अक्षता तबकात परत ठेवल्या.

पुढे शहाद्याच्या आसपास जिथे जिथे इंजिन आले, तिथे मला नेण्यासाठी छकडा येऊ लागला. सगळ्यांना हीच बिनविसर्जनाची पूजा हवी असे. वळणावर कोणी ओळखीचा भेटला की विचारी, "आज कोना इंजिनमा देव भराले चालनात?" मी हसत असे, आणि खरे सांगायचे तर सुखावतही असे. मंदिरातील पूजा पहाटे घाईने उरकू लागलो. दुपारचा नैवेद्य कधी तिसऱ्या प्रहरी दाखवला जाई, कधी राहूनही जाई.

शेजाऱ्याची केळी त्या पाण्यावर जोमाने वाढली. आमच्याकडे बागेतला पहिला घड मंदिरात आणून टांगण्याची रीत. त्या वर्षी घड उतरल्याचे कळले, पण मंदिरात काही आला नाही. दुपारी दुसऱ्या गावाहून एक पूजा आटोपून मी परतत होतो, तो शेजाऱ्याने छकडा मळ्यातच थांबवला. घड धडधडत्या इंजिनाला बांधला होता. भोवती हार, पुढे निरांजन. त्याने आरतीचे तबक माझ्या हाती दिले. मीही आरती सुरू केली.

बांधावर त्याची वृद्ध आई बसली होती. आरतीच्या मध्येच ती शांतपणे म्हणाली, "महाराज, आज देव उपाशी शे का?"

माझा हात थांबला. सूर्य केव्हाच कलला होता आणि मंदिराचा दरवाजा पहाटेपासून बंद होता.

"माय, तू गप ऱ्हाय," शेजारी म्हणाला.

"मी गपच शे. तुमनं इंजिनच बोली ऱ्हायनं."

मी तबक खाली ठेवले आणि म्हणालो, "पहिल्या दिवशी राहिलेले विसर्जन आज करतो."

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. ऐन उन्हाळा होता आणि सारी बाग त्या एका इंजिनावर उभी होती. "बंद पडनं ते?"

"पडले, तर शहाद्याहून मिस्त्री येईल. त्याचे काम मी माझे समजत होतो."

इंजिन थांबवून मी वरुणाची क्षमा मागितली, अक्षता वाहिल्या आणि निरोपाचा मंत्र म्हटला. शेजाऱ्याने डोळे मिटून हँडल फिरवले. एकदा नुसतीच फुसफुस झाली. दुसऱ्यांदा इंजिन धडधडू लागले आणि पाट वाहू लागला.

"महाराज, देव गया तरी चाली ऱ्हायनं," तो थक्क होऊन म्हणाला.

"गया कुठे?" म्हातारी उठता उठता म्हणाली. "तो तठे मंदिरमा बसेल शे, सकायपासून भुक्या. चाला आते."

घड आम्ही दोघांनी काठीवर घालून खांद्यावर घेतला आणि म्हातारी मागून हार घेऊन आली. दरवाजा उघडून मी देवापुढे हात जोडले. स्नान करून भात शिजवला. नैवेद्याला वरणभात आणि केळी, एवढेच. त्यानंतरही छकडे आले, परंतु दुपारच्या नैवेद्यापूर्वी मी कधी निघालो नाही आणि विसर्जन केल्यावाचून कधी परतलो नाही. गाडीवान मंदिराच्या ओट्यावर बसून वाट पाहत, आणि निघताना प्रसादाचे केळे सोलत विचारीत, "महाराज, आज विसर्जन करशात ना?"