व्याह्यांच्या आडनावाचं गाव

लग्नानंतर आडनाव बदलणार नाही, असं लेकीने सांगितलं आणि माझे होणारे इंग्रज व्याही लग्नाला येणार की नाही, याचाच घोर लागला. त्यांना एकच मुलगा. त्यांचा भाऊ ऑस्ट्रेलियात गेला, तो बिनलग्नाचाच वारला. "नाव इथेच संपणार असेल तर मी कशाला येऊ?" असं ते मुलाला म्हणाले होते. लग्नात बांधायला त्यांच्यासाठी आणलेला, त्यांना दाखवलेला फेटा आमच्या कपाटात पडून होता.

तरी एका रविवारी ते आम्हा मायलेकींना आणि मुलाला आपल्या गाडीने लंडनजवळच्या स्लाऊहून उत्तरेला घेऊन गेले. त्यांचं आडनाव म्हणजे तिथल्या एका खेड्याचं नाव. पूर्वज तिथले, मग कापडगिरणीत गेले, मग पोटासाठी स्लाऊच्या कारखान्यांत. गाव बघितलं की मुलीचं मन वळेल, असं त्यांना वाटत असावं. पुऱ्यांचा डबा माझ्या मांडीवर होता, पण उघडायची हिंमत झाली नाही.

गावाच्या पाटीपाशी त्यांनी मुलाचा फोटो काढला. लेक गाडीतून उतरली नाही.

चर्चच्या आवारात ते एकेका थडग्यावरचं नाव वाचत चालले. आधी भराभर, मग सावकाश, मग नखाने शेवाळ खरवडून. त्यांचं आडनाव कुठेच नव्हतं. फुलं बदलायला आलेल्या बाईला विचारलं, तर म्हणाली, "या नावाचं इथे कोणी नाही. आजीकडूनही कधी ऐकलं नाही."

ते बाकावर बसले. मान लालेलाल झाली होती.

मला माझं लग्न आठवलं. देवीला नारळ फोडायला सासरच्या मूळ गावी गेलो, तर तिथे आमच्या आडनावाचं एकही घर नाही. चुकीच्या गावात आलो की काय, म्हणून मी घाबरले. सासरे हसले होते.

"यांना सांग ना ते आपल्या गावाचं," मी गाडीपाशी उभ्या लेकीकडे जाऊन हळूच म्हटलं.

"आई, प्लीज, आत्ता नको. त्यांना वाटेल मी जिंकली."

"मग मी सांगते."

"तू? इंग्लिशमध्ये?"

बाकापाशी परत जाऊन, गोदामात पॅकिंग करता करता जेवढं इंग्रजी आलं होतं, तेवढ्यावर बोलले. म्हटलं, आमचंही आडनाव गावाचंच, आणि त्या गावात आमचंही कोणी नाही. गावात राहणारा गावाचं नाव कशाला लावेल? बाहेर पडतो त्यालाच लोक विचारतात, कुठला रे तू? मग तेच त्याला चिकटतं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चिडले, असं मला वाटलं.

"तुम्ही तुमचं नाव इथवर आणलंत, म्हणून तिला ते सोडवत नाही," ते म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी गाडीपाशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं आणि उठले.

परतताना मी डबा पुढे केला, तर त्यांनी एक पुरी घेतली, एवढंच. आमच्या दाराशी आम्हाला उतरवलं आणि काच खाली करून लेकीला विचारलं, "तो फेटा मला बांधावाच लागेल का?"

"कम्पल्सरी आहे," लेक म्हणाली.