रेच्यावरची राखण

माझा व्यवसाय काय, हे लग्न ठरताना मला सासऱ्यांना नीट सांगता आलं नव्हतं. मी कामगार संघटनेकडे पगारी नोकर होतो. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी जिनचे, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, मालक आणि मजूर समोरासमोर बसत, तेव्हा मजुरीचे दर ठरवून घेण्याचं काम माझ्याकडे असे. अर्थशास्त्राची पदवी होती, कायदा थोडाफार वाचलेला होता. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "जावई कापसाच्या दलालीत आहेत." यवतमाळात याहून सन्मानाचं काही नव्हतं, म्हणून मीही दुरुस्ती केली नाही.

ही वर्षं छप्पन्न सालानंतरची. आमचा जिल्हा आधी एका राज्यातून दुसऱ्यात गेला, मग त्या राज्याची वाटणी होऊन तिसऱ्यात आला. दरवेळी कचेरीवरची पाटी बदलली, भाषणं झाली, पेढे वाटले गेले. जिनचा भोंगा तिन्ही राज्यांत सारखाच वाजला.

दर ठरवणं म्हणजे आकडेमोड, असं लोकांना वाटतं. ती त्यातली सोपी बाजू. वाटाघाटीच्या आधी मी आठवडी बाजारात हिंडून ज्वारी, तुरीची डाळ, तेल, रॉकेल यांचे भाव विचारून ठेवी. कारण मालकांकडचे आकडे मोठ्या शहरांतले असत आणि घाटंजीच्या बाईनं ज्वारी आणायला तिकडे जावं, असं उघड कुणी म्हणत नसलं तरी हिशेब तसाच मांडलेला असे. अवघड बाजू होती ती वेळेवर गप्प बसण्याची. आमच्या संघटनेच्या अध्यक्षांना ती कधीच जमली नाही. ते यवतमाळचे वकील. उन्हाळ्यातही काळा कोट घालत, आणि समोर शांतता दिसली की ती आपल्या भाषणानं भरून काढणं हे कर्तव्य समजत. मालकांना ते फार आवडत.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. घाटंजीकडच्या एका जिनचा करार करायचा होता. तिथे प्रेसवर पुरुष असत; ते रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी बांधत आणि त्यांना गाठीमागे दर मिळे. रेच्यांवर बायका असत. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. त्यांची लांबच लांब रांग, प्रत्येकावर एक बाई, दिवसभर हातानं कापूस भरवत बसलेली. संध्याकाळी त्या बाहेर पडत तेव्हा केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुईचा पांढरा थर. तरण्या पोरी आत जात आणि म्हाताऱ्या बाहेर येत, असं वाटे.

रेच्यांवर एक जुनी रीत होती. बाई बाळंत झाली किंवा तापानं पडली, तर तिच्या जागी तिच्याच घरातली कुणी तरी येऊन बसे. सासू, जाऊ, नणंद, मोठी झालेली लेक. तिला राखणीवाली म्हणत. शेतात पिकाची राखण करतात, तशी ही जागेची राखण. मूळची बाई परत आली की राखणीवालीनं मुकाट उठायचं. रोजी जिचा रेचा असेल तिची, राखणीवालीची नाही. दोघी एकाच चुलीवरच्या, त्यामुळे पैसा कुणाच्या हातात पडला याला अर्थ नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कुणी मोडलेलंही नव्हतं.

त्या वर्षी शेठजींनी रोजामागे तीन आणे वाढ देऊ केली. नवे पैसे येऊन बराच काळ लोटला होता, पण जिनमध्ये अजून आणेच चालत. तीन आणे म्हणजे आम्ही मागायला धजलो असतो त्याहून जास्त. अट एकच होती. रेच्यावरच्या प्रत्येक बाईचं नाव हजेरीपटावर लागेल, आणि जिचं नाव तीच बसेल. राखण बंद. रेचा आठवडाभर रिकामा राहिला तर नाव कमी आणि नवी बाई.

"वकीलसाहेब," शेठजी म्हणाले, "ही माझी जिन आहे की पाटलाचं वतन? सासू उठली की सून, सून उठली की तिची लेक. उद्या मलाच विचारतील, तुम्ही कुणाच्या घरचे?"

रेच्यावाल्या बायकांची प्रतिनिधी आमच्या बाजूला बसली होती. साठीकडे झुकलेली बाई. तिच्या घरानं छप्पन्न साली नागपूरला जाऊन धम्म घेतला होता. तिच्या आधीच्या प्रतिनिधी शेठजींसमोर जमिनीवर बसत. ही पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून बसली होती. ती म्हणाली, "तुमी बी तुमच्या बापाच्याच गादीवर बसले ना शेठजी?"

शेठजी हसले. त्यांनी तिच्यापुढे पानाचं तबक सरकवलं, अट मात्र सरकवली नाही.

अध्यक्षांना तीन आणे ऐकूनच भरून आलं होतं. प्रेसवाले पुरुष सही करायला उतावीळ होते. त्यांचा गाठीमागचा दर वाढत होता आणि त्यांना बाळंतपणं नव्हती. पण या बाईची सून सहा महिन्यांची गरोदर होती. सून घरात आली तेव्हा हिनं आपला रेचा तिला देऊन टाकला होता. हंगाम ऐन भरात असताना सून बाळंत होणार, आणि नव्या अटीप्रमाणे तो रेचा घरातून जाणार. मुलगा दुसऱ्याच्या वावरात मजुरी करी. ती पावसाळा सरला की बेभरवशाची. वर्षातल्या चार महिन्यांची खात्रीची रोजी त्या एका रेच्यावर होती.

दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी शेठजी म्हणाले, "राखण पाहिजे तर ठेवा. पण मग तीन नाही, दोन आणे. बायकांचं बायकांनी ठरवावं."

म्हणजे एकेका बाईनं रोज एक आणा सोडायचा, आणि त्या बदल्यात कुणी आजारी पडली वा बाळंत झाली तर तिची जागा राहायची. सौदा म्हणून तो वाईट नव्हता. कुठल्याही विम्याची रचना हीच असते. फक्त विमा कंपनीच्या माणसाला हप्ता देणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

सभा जिनच्या आवारात झाली. मी दोन्ही बाजू सांगितल्या. अध्यक्षांनी त्या पुन्हा सांगितल्या, अवघड करून. मग मागून एक बाई उठली. ती पिंजाऱ्याची विधवा. नवरा गाद्यांचा कापूस पिंजत गावोगाव फिरायचा, तो वारला होता, मूलबाळ नव्हतं. मशिदीमागच्या ओळीत एकटी राहायची.

"एक आना सोडू? कायले?" ती म्हणाली. "माह्या घरी कोन हाय? उद्या मी पडली तं माह्या जागी कुत्तं आनून बसवू का?"

बायका हसल्या. ती हसली नाही. प्रतिनिधी बाईकडे वळून म्हणाली, "सून तुही बाळंत होईन, अन् तिचे डिंकाचे लाडू माह्या रोजीतून?"

प्रतिनिधी बाई बोलायला पक्की होती. शेठजींना तिनं गप्प केलेलं मी पाहिलं होतं. वाटलं, आता काही तरी खणखणीत बोलेल. ती म्हणाली, "हो. तुह्याच रोजीतून."

"मंग काहून देऊ थे तं सांग."

"नाई सांगता येत. मले मागाले तोंड हाय, तुले देयाले माह्यापाशी काई नाई."

मग हात वर झाले. राखणीच्या बाजूनं पुष्कळ हात होते. ज्यांच्या घरात सुना-लेकी होत्या त्या बहुतेक सगळ्यांचे. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "ठराव एकमतानं मंजूर!"

"एकमत कायचं, साहेब?" विधवा म्हणाली. "माहा हात खाली हाय, दिसून नाई राह्यला का?"

मी कागदावर बहुमतानं असं लिहिलं. करारात कलम घातलं: बाळंतपणात किंवा आजारपणात बाईच्या जागी तिच्या घरची बाई काम करील, आणि मूळची बाई परत येईपर्यंत जागा रिकामी झाली असं समजलं जाणार नाही. राखणीला कुणीच आलं नाही तर मात्र आठवड्याची अट तशीच राहिली. सहीच्या दिवशी हार आले. अध्यक्ष ऐतिहासिक हा शब्द इतक्या वेळा बोलले की शेठजींनाही आपण इतिहासात चाललो असं वाटून ते सावरून बसले. यवतमाळहून फोटोग्राफर बोलावला होता. त्या फोटोत एकही बाई नाही. फोटोला उशीर होत गेला आणि बायकांना जळण आणायचं होतं.

हंगाम सुरू झाला. सून बाळंत झाली, मुलगी झाली. सासू राखणीला बसली आणि संक्रांत झाल्यावर सून परत आली तशी उठली. पोरीची झोळी सरकीच्या कोठाराच्या सावलीत बांधलेली असे. विधवा तिथून जाताना झोळीकडे बघून म्हणे, "पाज व नीट. आन्याची पोरगी हाय थे, महाग पडली आमाले."

मग थोड्याच दिवसांत विधवा पडली. रुईचा खोकला तिला जुनाच होता. त्यात ताप भरला. तिचा रेचा रिकामा राहिला. राखणीला येईल असं कुणी नव्हतं, आणि आठवडा संपला की नाव कमी होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी त्या रेच्यावर प्रतिनिधी बाई बसलेली होती.

जिनचे दिवाणजी हजेरी घ्यायला आले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. ते म्हणाले, "तुमची सून आली ना परत? मग तुम्ही कशा?"

"राखनीले बसली."

"कुणाच्या?"

"ज्याच्यावर बसली तिच्या."

"अहो, करारात घरची बाई लिहिलंय. ती पिंजाऱ्याची, आणि तुम्ही..." इथे दिवाणजी अडले. जुना शब्द वापरायची आता छाती नव्हती आणि नवा अजून जिभेवर बसला नव्हता.

"मी तिच्या घरची हाय," ती म्हणाली. "जाऊन इचारा तिले." आणि तिनं रेच्यात कापूस घातला.

दिवाणजी सरळ माणूस होते, म्हणूनच घाबरले. त्यांनी मला निरोप धाडला. मी एस.टी.नं गेलो आणि आम्ही दोघं मशिदीमागच्या ओळीत विधवेच्या घरी गेलो. ती खाटेवर होती. श्वास घेताना मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या. उशाशी झाकलेली कण्यांची वाटी होती.

दिवाणजींनी सगळं सविस्तर सांगून विचारलं, "ती बाई तुमच्या घरची आहे का?"

मला वाटलं, आता सगळं बारगळणार. हिनंच हात खाली ठेवला होता. ती आढ्याकडे बघतच म्हणाली, "घरची नाई तं काय? बाहेरची कोनी येईन का माह्या रेच्यावर मराले?"

एवढं बोलताच तिला खोकल्याची उबळ आली. दिवाणजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "घर कशाला म्हणायचं ते करारात लिहिलेलं नाही. संघटनेची हरकत नाही." शेठजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रेचा फिरतोय ना? मग मला कशाला सांगता?" शेठजींच्या उदासीनतेनं त्या हंगामात मजुरांचं जेवढं भलं केलं, तेवढं अध्यक्षांच्या तळमळीनं वर्षानुवर्षांत केलं नसेल.

रोजी बाजारच्या दिवशी मिळे. प्रतिनिधी बाई अंगठा उठवून पैसे घेई आणि तशीच मशिदीमागे जाऊन खाटेवर ठेवून येई. सगळे. मी एकदा सुनेला विचारलं, "तुझ्या सासूबाईंचं आणि तिचं आता जमतं वाटतं?"

"कायचं जमते, भाऊ? अजून बी धड बोलत नाई. हे पैसे ठेवते, थे मोजते. मोजून झालं का आत्याबाई घरी."

होळीच्या आधी, हंगाम उतरणीला लागला असताना, विधवा गेली. पहाटे गेली असावी. सकाळी भोंगा झाला, बायका आत शिरल्या आणि प्रतिनिधी बाई फाटकाशीच थांबली.

"दिवानजी," ती म्हणाली, "थो रेचा खाली झाला. नाव कापा."

दिवाणजींना बातमी तेव्हा कळली. ते मला म्हणाले, "मी त्या बाईला सांगितलं, बसा ना हंगाम संपेपर्यंत. थोडेच दिवस राहिलेत. मी कुणाला बोलत नाही, आणि रोजी आता तुमचीच." असं म्हणायला त्या माणसाला किती धीर करावा लागला असेल, हे मला ठाऊक आहे; नियमाबाहेर पाऊल टाकल्याचं त्याचं बहुधा ते एकच उदाहरण.

"राखन कोनाची करू आता?" ती म्हणाली. "जिची होती थे गेली."

दिवाणजींनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. तोवर ती वळली होती. मयत घरीच होती आणि तिच्या आंघोळीचं पाणी भरायला बायका कमी होत्या.