गोळी घेऊन लपवलेला ताप

“इन्फ्लुएन्झा ए. दोन्ही फुप्फुसांत पसरलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी मंडईत लिंबं विकतो. माझ्या एका आरोळीने नदीपलीकडचं गिऱ्हाईक रस्ता बदलून येतं. त्या क्षणी मात्र मी रिपोर्टवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होतो. रिपोर्ट माझा नव्हता. सुमनचा होता, माझ्या बायकोचा.

सुरुवात माझ्यापासून झाली. आधीच्या शुक्रवारी मला ताप भरला, कपाळावर पापड भाजून निघाला असता असा. सुमनने हाकललं म्हणून कोथरूडला घराजवळच्या दवाखान्यात गेलो. तिथे सर्व्हेलन्स चालतं, म्हणजे आजारावर पाळत. ताप-खोकल्याच्या पेशंटचा स्वॅब घेतात, नाका-घशात काडी फिरवून नमुना. शहरात कुठला विषाणू हिंडतोय ते त्यावरून कळतं. मला हे ठाऊक होतं. घरी बसवतील हेही ठाऊक होतं, आणि लिंबाचा सीझन ऐन भरात. म्हणून निघण्याआधी तापाची गोळी घेतली. नंबर येईपर्यंत अंग गार.

“काका, दहा दिवसांत ताप आला होता?” सिस्टरने विचारलं.

“ताप? माझ्याकडे यायचं तर त्याला अर्ज करावा लागतो!”

ती हसली आणि तिने फॉर्मवर ‘नाही’पुढे खूण केली. स्वॅब टळला. खोकल्याचं औषध घेऊन मी थेट गाळ्यावर.

सोमवारी सुमन खोकायला लागली. तिला जुना दमा. मी म्हटलं, हवा बदललीय. बुधवारी ती जिन्यात मध्येच बसली. “अहो, श्वास पुरत नाहीये.” रिक्षात तिचे ओठ जांभळे पडत गेले. हॉस्पिटलात सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, चौऱ्याऐंशी. तिला थेट आयसीयूत नेलं, दुसऱ्या दिवशी हा रिपोर्ट.

“घरात आधी कोण आजारी होतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी सुरू केलं: शेजाऱ्यांचे पाहुणे, शिंकणारा रिक्षावाला...

“काका, गोष्ट नको. आधी कळलं असतं, तर दम्याच्या पेशंटला मी पहिल्या खोकल्यालाच औषध दिलं असतं.”

“मला ताप होता. शुक्रवारी. गोळी घेऊन लपवला.”

आयुष्यातली माझी सगळ्यात छोटी गोष्ट. त्यांनी मान वर न करता लिहून घेतली. मग गाळ्यावर कोणाकोणाला भेटलो ती नावं. फोन केला तर शेजारच्या गाळ्याचे इस्माईलचाचा तापातच होते; त्यांना त्याच दिवशी औषध मिळालं.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर पाच दिवस काढले. दार उघडलं की मी उठून उभा. “आज काही सांगता येत नाही,” एवढंच उत्तर. सहाव्या दिवशी सुमनचा मास्क उतरला. मी सगळं कबूल केलं.

“चाळीस वर्षं तुमच्या थापा गिळल्या,” ती हळू म्हणाली, “ही तेवढी छातीत अडकली.”

आता ती घरी आहे. चार पायऱ्या चढली की थांबते. डॉक्टरीणबाईंचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्याकडे कुणी फॉर्म घेऊन आलं, तर खरं सांगा.

आज सकाळी माझा घसा खवखवला. ताप शंभर. गोळी घेतली नाही; दवाखान्यात फोन करून खरं तेच सांगितलं. स्वॅबवाले निघालेत. मी गॅलरीत, दार बंद करून.

आत सुमन खोकली. एकदाच. मी दाराच्या काचेला कान लावून बसलोय.