गुग्गुळाचं निर्जला व्रत

"मॅडमजी, ये मरा हुआ पेड आज ही हटेगा," आमचे शेखावतसाहेब म्हणाले आणि त्यांनी जेसीबीवाल्याला हात केला.

मेलेलं झाड म्हणजे माझा गुग्गुळ. मी मूळची नागपूरची, पण कित्येक वर्षं जयपूरलगतच्या एका जंगलात वनस्पतितज्ज्ञ म्हणून काम करते. जंगलाचं नाव सांगत नाही. नोकरी अजून करायची आहे. धुपात घालतात तो गुग्गुळ म्हणजे या झुडपाचा डिंक. डिंकासाठी लोकांनी साल इतकी चिरली की झाडच नामशेष व्हायला आलं. आमच्याकडे जुनं, धडधाकट असं हे एकच उरलं होतं. नवीन रोपांसाठी फांद्या याच्याच घ्यायच्या. अशा झाडाला आम्ही मातृवृक्ष म्हणतो. हे गेलं असतं तर पुढची रोपं आणायची कुठून?

आता याचा स्वभाव असा, की पावसाळा सोडला तर अंगावर पान ठेवत नाही. नुसत्या काटेरी काड्या. आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मंत्रीजी 'दुर्मिळ वनस्पती उद्याना'चं उद्घाटन करणार होते.

"साहेब, अख्ख्या उद्यानात दुर्मिळ असं हे एकच आहे," मी म्हणाले.

"मग जरा हिरवं तरी असावं ना! फोटोत काय दाखवू, सरपण? विद्याधर नगरच्या नर्सरीतून पिटुनिया मागवलेत."

"गल्लोगल्ली फुलणारे पिटुनिया दुर्मिळ आहेत?"

"मोठ्या मुश्किलीनं मिळालेत, मॅडमजी!"

माझं डोकं सणकलं. जेसीबी खरं तर विलायती बाभूळ काढायला आला होता. ही बाहेरून आलेली बाभूळ आपल्या आजूबाजूला काही वाढू देत नाही. ती काढा म्हणून मीच साहेबांच्या मागे लागले होते, आणि आता तोच जेसीबी माझ्या झाडावर सोंड उगारून उभा! मी जाऊन मध्ये उभी राहिले.

तेवढ्यात इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढल्या आणि हात जोडले.

"साब, इसपे मौली बंधी है. मैं नहीं उखाडूंगा."

मौली म्हणजे पूजेचा लाल दोरा. खोडाला लाल दोरा होता खरा. तो मीच बांधला होता, मातृवृक्षाची खूण म्हणून. मीही हात जोडले. साहेबांनी दोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच स्वतःचे बूट काढले.

दुसऱ्या दिवशी मंत्रीजींनी पिटुनियांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोरा दिसताच वाकून नमस्कार केला आणि तांब्याभर पाणी घातलं. फोटो पेपरात आला. झालं! सकाळी फिरायला येणारे सगळे तांबे घेऊन रांगेत. कुणी दूध, कुणी दूध-पाणी. अरे बाप्पा! गुग्गुळाच्या मुळाशी पाणी साचलं की मूळ कुजतं. जेसीबीपासून वाचलेलं झाड भक्तीत बुडून मरायला लागलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

"साहेब, हे पाणी बंद करा."

"देवाला पाणी घालू नका असं मी सांगू? माझी बदली करायचीय का तुम्हाला?"

शेवटी मीच पाटी लावली. देवाचं निर्जला व्रत चालू आहे, पाणी व दूध घालू नये. लोकांनी निमूटपणे ऐकलं. शास्त्रीय माहितीचे इतके फलक मी आजवर लावले, कुणी एक वाचला असेल तर शपथ.

पावसाळ्यात गुग्गुळाला पानं फुटली. व्रत फळलं म्हणून साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. मीही खाल्ले, खोटं कशाला बोलू.

मग उद्घाटनाच्या गडबडीत राहून गेलेल्या बाभळी काढायला जेसीबी पुन्हा बोलावला. ड्रायव्हरनं लांबूनच इंजिन बंद केलं. मी पुढे होऊन पाहिलं. गुग्गुळाला पाणी चालत नाही म्हणून लोकांनी ते शेजारच्या बाभळींना घातलं होतं. एकूण एक बाभूळ हिरवीगार, आणि प्रत्येक खोडाला लाल दोरा. ड्रायव्हरनं चपला काढल्या.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना मी आता एकच सांगते. खुणेसाठी निळी सुतळी वापरा.