मशालीचा हात

दुष्काळात आमच्या गावात सगळं बंद पडलं, फक्त तंबूतला सिनेमा चालू राहिला. शेतं मोकळीच पडलेली, तंबू ठोकायला जागेची अडचण नव्हती. जळकोटच्या बाजारात खेळाची दवंडी व्हायची आणि मागोमाग तंबू आमच्याकडं यायचा.

पडदा तंबूच्या मधोमध. मशीनच्या बाजूला गडीमाणसं, पडद्याच्या पलीकडं बायका. कापड पातळ, चित्र दोन्हीकडून दिसायचं. आपल्याला उलटं दिसतंय हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नावाची अक्षरं उलटी यायची, पण सुलटी आली असती तरी आमच्यात वाचणार कोण होतं?

माझा लाडका सिनेमा जादूचा होता, तीन भागांचा. एका धनगराच्या पोराला देवी पेटती मशाल देते आणि तिच्यापुढं राक्षस मेणासारखा वितळतो. राक्षस वितळण्यावर माझा तेव्हाही फारसा विश्वास नव्हता. पण देवी मशाल द्यायची ती डाव्या हातात, आणि मी डावखुरी होते.

वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, विधवा होऊन आमच्याकडंच राहायची. जेवताना ती माझा डावा हात चिंधीनं कमरेला बांधायची. चिंधीनं गुण येईना, तेव्हा तिनं बिब्बा काढला. सुईला टोचून तापवलेल्या बिब्ब्याचं तेल हाताला लावलं की कातडी भाजते, मग पोर तो हात वापरायचं सोडतं, असा तिचा हिशोब. ती दुष्ट नव्हती. "डाव्या हातानं वाढलेलं कोण खाईल? नांदवील कोण हिला?" म्हणून स्वतःच रडायची. मला मात्र तिची लई भीती वाटायची.

पहिला भाग बघून आल्यावर आई म्हणाली, "वन्सं, बघितलं न्हवं? देवीनं डाव्या हातात दिली. हिचा हात डागायचा म्हंजी देवीला न्हाय म्हणायचं." आत्यानं बिब्बा ठेवून दिला. चिंधीही सुटली.

दुसऱ्या भागानंतर दादा, म्हणजे माझे वडील, जेवताजेवता सहज म्हणाले, "कशाचा डावा? उजव्या हातात धरतंय की त्ये."

आईनं ताटली आपटली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? समद्या बायांनी बघितलंय."

"समद्या गड्यांनीबी बघितलंय."

गावात दोन तट पडले. सोसायटीची निवडणूक पुढं ढकलली होती, तिची कसर निघाली. दादा दूध संस्थेचे सचिव. दुधात पाणी असलं की तोंडावर सांगायचे, सासऱ्यालाही सांगितलं होतं. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं डोळ्यांपेक्षा तिचा भावावर भरवसा. ती म्हणाली, "तू खोटं बोलत न्हाईस. तिसऱ्या भागाला नीट बघून ये. उजवा निघाला तर सकाळी डागते." दादा म्हणाले, बघतो.

तिसऱ्या भागाचा खेळ संस्थेनंच ठेवला, जनावरांच्या वैरणीसाठी. बायकांच्या दारावर उभं कुणाला करायचं यावर बैठक झाली आणि भरवशाचा माणूस म्हणून दादांना उभं केलं. पडद्यावर नावं आली, उलटी. दादांना वाचता येत होतं. त्यांनी आधी पडद्याकडं बघितलं, मग पुढं बसलेल्या माझ्याकडं. तोंडातली बिडी त्यांनी पेटवलीच नाही. खेळ संपेपर्यंत ते तिथंच उभे होते.

सकाळी चुलीपाशी बिब्बा आणि सुई काढून ठेवलेली. मी आईचा पदर धरून बसले. दादा दूध घालून आले तशी आत्यानं विचारलं, "कंचा हात?"

दादांनी चरवी खाली ठेवली. "डावा."

"तू सवता बघितलास?"

"म्या सवता बघितला, आक्का. तुमच्याच बाजूनं उभा व्हतो. डावाच हाय."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. खरं बोलायचं झालं तर आधी कुठं उभं राहावं, हे मी त्या सकाळी शिकले. देवळात पुढं बरंच ऐकलं, पण इतकं कामाचं काही नाही.

आत्यानं सुई उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मलाबी डावाच दिसला व्हता रं. तिन्ही बारीला. पण माझ्या डोळ्यांवर माझाच इस्वास न्हवता."

तिनं बिब्बा फडताळात ठेवला, तव्यावरची भाकरी काढली आणि माझा डावा हात पुढं ओढून त्यावर ठेवली.