मोताळ्याची मंजुळा म्हणे

पुंजाजीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की बाजारातले बैलसुद्धा रवंथ थांबवून पाहात. मोताळ्याच्या आठवडी बाजारात तो काळं मंजन विकायचा. डावा हात डफावर, अन् तोंडातून शब्दांचा नुसता भडिमार: "आबाचे दात, आजीचे दात, उसाच्या कांडीनं केला घात!" चाल नाही, सूर नाही, फक्त ठेका.

त्याच्या शेजारी मंजुळाबाई वांगी, मिरच्या घेऊन बसायची. माळ्याची बाई, दहा वर्षांची तिची ती जागा. पुंजाजीचा दम कधी संपेल त्याचा नेम नव्हता. पण संपायच्या आधी त्याच्या गळ्याची घाटी वर चढायची. ती चढली की मंजुळाबाई तराजू न सोडता भुलाबाईच्या गाण्याच्या चालीवर ओळ ओढायची: "घात केला बाई, मंजन लावलं नाही, आता ऊस खाते कोन गं?" तेवढ्यात पुंजाजी श्वास घ्यायचा अन् पुन्हा सुटायचा. लोक मंजन कमी घेत अन् ऐकत जास्त.

एका जत्रेत हे मुंबईच्या, ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या साहेबाच्या कानी पडलं. त्यानं दोघांना अकोल्याला नेऊन यंत्रापुढे उभं केलं, अन् महिनाभरात तबकडी निघाली. निघाली म्हणजे काय, पेटलीच! लग्न असो की बारसं, मोताळ्यापासून थेट दुसरबीडपर्यंत भोंग्यातून आबाचे दातच वाजत होते.

तबकडीवरचा कागद शाळेत जाणाऱ्या पुतणीनं, कोकिळानं, वाचून दाखवला. "पुंजाजी आणि साथीदार."

"अन् माहं नाव?"

"नाही ना काकू. साथीदार म्हंजे तूच असशीन."

मंजुळाबाईनं तेव्हा ते हसण्यावारी नेलं. पण एक दिवस तिचा नवरा रंगराव हॉटेलातून आला, टोपी खुंटीला लावली अन् ताटावर बसलाच नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला, "भोंग्यावर तुहा आवाज लागला होता. एक जन म्हने, हे पुंजाजीची बाई लय गोड गाते बे. सारे हासले."

"मंग तुमी काय म्हनलं?"

"काय म्हनू? कागदावर तुहं नाव कुठी हाय?"

मंजुळाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. गळा आपला, घाम आपला, अन् नाव कोणाचं लागलं? त्या दिवशी चुलीपुढे बसून तिनं ठरवलं की आता नाव येईल, नाही तर आवाज जाणार नाही.

दुसऱ्या तबकडीसाठी अकोल्याला बोलावणं आलं. तिनं साहेबाला पहिल्याच शब्दाला विचारलं. साहेब म्हणाला, "बाई, कागद एवढासा. साथीदारांची नावं घालायची पद्धत नाही."

"बरं. कागद तुमचा, गळा माहा. शेवटच्या ओळीत मी माहं नाव घेईन."

"छे छे! असं कुठे असतं का?"

"काऊन नाही? संत अभंगाच्या शेवटी नाव घेतेत का नाही? देवापुढं नाव चालते, मंजनापुढं चालत नाही का?"

पुंजाजी डफ खाजवत पुटपुटला, "मंजुळाबाई, आलेली लक्ष्मी काऊन लाथाडता?"

"पुंजाजीभाऊ, तुमाले साऱ्या जिल्ह्यानं वळखलं. मले तुमची बाई म्हनून वळखलं. चालते का तुमाले?"

पुंजाजीची मान खाली गेली.

साहेबानं हट्टानं एक शिकलेली गायिका आणली. आवाज मोत्यासारखा, पण ती मात्रा मोजत होती अन् पुंजाजीला मोजणं माहीतच नव्हतं. त्याचा दम गेला तेव्हा ती गप्प, अन् ती लागली तेव्हा हा सुटलेला! तीनदा झालं. चौथ्यांदा त्याला असा ठसका लागला की डफ हातून पडला. मंजुळाबाई कोपऱ्यात पदर खोचून बसली होती. त्याची घाटी प्रत्येक वेळी चढताना तिला दिसत होती, ओळ ओठावर येत होती, पण तिनं दात आवळून धरले.

डफ उचलून पुंजाजीच म्हणाला, "साहेब, या बाईबिगर मले श्वासच घेता येत नाही. तिचं आयका, नाही तर मी बी चाललो."

साहेबानं हात जोडले अन् मंजुळाबाईला यंत्रापुढे बोलावलं.

तबकडी आली तेव्हा कागदावर पुन्हा साथीदारच होते. रंगराव ती बगलेत धरून त्याच हॉटेलात गेला. वाजली. पुंजाजी धो धो बरसला, अन् शेवटी भुलाबाईची चाल उठली:

"मंजुळा म्हणे मोताळ्याची, रंगरावाची अस्तुरी,
हासून घ्या जी, हासून घ्या, दात असो नसो तरी!"

हॉटेलातले सगळे वळून पाहू लागले. रंगरावानं टोपी सरळ केली, चहाची बशी खाली ठेवली अन् मालकाला म्हणाला, "थे माही बायको हाय. लाव पुन्हा पयल्यापासून."