गच्चीवरची परात

आता काय सांगू तुम्हाला, हसालच तुम्ही! पण घाटकोपरच्या गच्चीवर बसून मी मराठवाड्यातल्या तीन गावांचं पाणी तोडायला निघालो होतो. खोटं नाही सांगत!

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा हिवाळा असेल. अंधेरीच्या एका सल्लागार कचेरीत मी नवा इंजिनियर, पर्मनंट व्हायचं बाकी. काम एका तलावाचं. त्यात पाणी किती शिल्लक राहतं ते बघायचं आणि पुढच्या तीन गावांना गव्हासाठी कालवा वाढवून देता येईल का, ते सांगायचं. आम्ही 'नाही' म्हटलं की कालव्याचं काम बोंबललं.

आता तलावातलं सगळं पाणी काही शेतात जात नाही, उन्हानं उडूनही जातं. ते मोजायला चार फुटांची एक पत्र्याची परात असते. रोज सकाळी खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि दुसऱ्या दिवशी किती उतरलं ते पट्टीनं बघायचं. नवी परात तिकडे धाडण्याआधी तपासायची होती, पण कचेरीच्या आवारात झाडांची सावली. मी लगेच छाती काढून म्हणालो, "साहेब, आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं!"

कुणी सांगितलं होतं बोलायला?

पहिल्या दिवशी चार मिलिमीटर पाणी उतरलं. मग वीस. शुक्रवारपर्यंत चाळीस! परात गळतेय म्हणावं, तर खाली थेंब नाही. मी तर हरखूनच गेलो. रोज सकाळी नळ जायच्या आत बादल्या भरायच्या, तीन मजले चढायचं, परात भरायची आणि नऊच्या ठोक्याला ऑफिसला पळायचं. शास्त्रासाठी एवढा घाम गाळणारा माणूस घाटकोपरात दुसरा नसेल!

शनिवारी मी अहवाल ठोकला. मुंबईच्या दमट हवेत पाण्याचे हे हाल, तर तिकडच्या कोरड्या हवेत काय होईल? केला गुणाकार. संक्रांतीच्या आत तलाव कोरडा! निष्कर्ष: कालवा वाढवणे अशक्य. कारण: प्रखर ऊन व वारा.

साहेबांनी चष्मा वर केला. "अरे, तलाव आहे की तवा? भर मे महिन्यातसुद्धा तो कधी आटलेला नाही."

"साहेब, आकडे माझ्या हातचे आहेत."

"म्हणूनच भीती वाटते. सोमवारी अहवाल जायचाय. उद्या मी स्वतः येतो."

रविवारी दुपारी साहेब खरंच आले. आम्ही गच्चीवर टाकीच्या सावलीत बसलो. चार वाजले आणि जिन्यात चपला वाजल्या. शेजारच्या सावंतकाकू! काखेत कळशी, हातात तांब्या. सरळ परातीपाशी गेल्या, वरची जाळी उचलली आणि लागल्या की हो पाणी उपसायला!

"काकू! अहो, काय करताय?"

काकू दचकल्या नाहीत, उलट हसल्या. "अरे बाळा, आज घरात? तुझा पाणी काय झकास तापता रे! पोरांची आंघोळ होता, रॉकेल वाचता. देव तुझा बरा करो!"

मी उठून परातीकडे धावलो. "म्हणजे... तुम्ही रोज नेता?"

"मी एकटी खंय? चार घरां नेतत. पयली कळशी तुझ्या आवशीची!"

तेवढ्यात आई बादली घेऊन वर आलीच. साहेबांना बघून पदर सावरला, पण बादली काही लपवली नाही.

"आई, तूसुद्धा?"

"मग? सहा दिवस संध्याकाळी आल्याआल्या कोमट पाणी ओततोयस अंगावर. आपल्याकडे गिझर लावलाय का रे?"

साहेब हसून हसून टाकीला टेकले. आणि खरं सांगू? लाजेपेक्षा मला हायसंच जास्त वाटलं. अहवाल अजून साहेबांच्या बॅगेतच होता. एक दिवस उशीर झाला असता तर तीन गावांचा गहू माझ्या पट्टीनं वाळवला असता! पुढे परात तलावाकाठी कुलूपबंद आवारात ठेवून पुन्हा मोजलं. पाणी पुरत होतं, कालव्याला मंजुरी मिळाली आणि माझी नोकरीही टिकली.

पण त्या दिवशी गच्चीवरच साहेबांनी अहवाल काढला, 'प्रखर ऊन व वारा' या शब्दांवर रेघ मारली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"घे, खरं कारण तूच लिही. आणि आंघोळ किती बादल्यांची, तेही लिही!"